विमानांतून पाहिलेलें कृष्णाखोरें
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, इतिहासाचीं साधनें म्हणून आपण बखरी, कागदपत्रें, ताम्रपट, नाणीं आणि शिलालेख यांचा उल्लेख करतों. या यादींत आणखी एका साधनाची भर घालावी असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. तें साधन म्हणजे मुंबईहून कोल्हापुरास जाणाऱ्या विमानाची डावीकडची खिडकी. हें वाक्य ऐकून आपणांस हंसूं येईल. परंतु पाऊण-एक तासाच्या या प्रवासांत जें दिसतें तें सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासावर इतका स्वच्छ प्रकाश टाकतें कीं, त्याविषयीं आपणांशीं चार शब्द बोलावे असें मी योजिलें आहे.

या मुलुखावरून विमानें जाऊं लागल्याला आतां नव्वद वर्षें उलटून गेलीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक लहानसें पस् मॉथ विमान अहमदाबादमार्गें मुंबईस आणलें आणि तेथून पुढें नेव्हिल व्हिन्टसेंट यांनीं तें टपाल बेल्लारीमार्गें मद्रासेस पोंचविलें. नकाशा पुढें घेऊन मुंबई व बेल्लारी या दोन ठिकाणांवर पट्टी ठेवावी आणि सरळ रेघ ओढावी. ती कोरेगांव, खटाव, खानापूर, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांवरून जाते. म्हणजे पावसासाठीं आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या प्रदेशावरून जाते. पुढें १९३९ सालीं राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत कोल्हापुरास विमानतळ झाला. त्यानंतर तेथील विमानसेवा कधीं सुरू झाली, कधीं बंद पडली. अलीकडे ‘उडान’ योजनेमुळें तिला पुन्हां चालना मिळाली. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या माणसाला विमानानें घरीं यावयाचें तर त्याला पुणें किंवा कोल्हापूर गांठावें लागतें, आणि कोल्हापूर गांठतांना त्याचा स्वतःचाच जिल्हा त्याच्या पायांखालून सरकत जातो.

मुंबई व कोल्हापूर यांमधील अंतर सरळ रेषेंत मोजलें तर सुमारें ३०० किलोमीटर भरतें. आगगाडीला याच प्रवासासाठीं पुणें, सातारा, मिरज असा वळसा घालून ५०० किलोमीटरांहून अधिक मजल मारावी लागते आणि त्यांत सबंध रात्र जाते. ही सरळ रेघ कोठून जाते तें पाहिलें म्हणजे इतिहासाच्या कोणाहि शिक्षकास हर्ष व्हावा. रायगड, प्रतापगड, कोयनेचें खोरें, पाटण, शिराळा, पन्हाळा! शिवचरित्रांतील प्रकरणें कोणीं मुद्दाम ओळीनें मांडून ठेवावीं तशीं हीं स्थळें एकामागून एक येतात. रेघेच्या डाव्या हातास, म्हणजे पूर्वेस, वाई, सातारा, कऱ्हाड, वाळवा आणि सांगली हा सारा मुलूख पसरलेला असतो. मीं हा प्रवास पावसाळा संपल्यावर, कार्तिकांतील एका सकाळीं केला. त्या दिवसांत हवेंत धूळ नसते आणि तीस-चाळीस किलोमीटरांवरील डोंगराची कडहि ओळखूं येते.

मुंबईची खाडी, पेणकडील खाजणें आणि कोंकणांतील भातखाचरें मागें पडतात न पडतात तोंच सह्याद्रि समोर येतो. कोंकणांतून पाहणाऱ्याला तो एक उभी भिंत वाटतो. देशावरून जाणाऱ्याला मात्र आपण डोंगर चढलों कीं नाहीं याचीहि शंका यावी. वरून पाहतां दोघांचेंहि समाधान होतें. पूर्वेकडे हलकेच कललेलें एक विस्तीर्ण पठार पश्चिमेच्या अंगास एकाएकीं तुटलें आहे, आणि या तुटलेल्या कडेवर मोजक्याच ठिकाणीं खाचा पडल्या आहेत. या खाचा म्हणजे घाट. जेथें घाट तेथें गड हा नियम प्रतापगडावरून जातांना डोळ्यांत भरतो. १६५६ सालीं शिवाजीमहाराजांनीं चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली आणि पार घाटावर नजर ठेवणारा हा किल्ला मोरोपंत पिंगळ्यांकडून बांधवून घेतला. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखान याच गडाच्या पायथ्याशीं मारला गेला. वाईच्या सपाट प्रदेशांत तळ देऊन बसलेल्या सरदाराला जावळीच्या रानांत यावयास लावणें यांतच महाराजांचा सगळा डाव होता, हें आपण पुस्तकांतून वाचतों. परंतु डावीकडे वाईचें मोकळें खोरें आणि खालीं जावळीचें घनदाट रान हीं दोन्ही एकाच दृष्टिक्षेपांत दिसलीं म्हणजे त्या डावाचें मर्म वेगळें सांगावें लागत नाहीं. खान पडल्यावर अवघ्या अठरा दिवसांनीं, २८ नोव्हेंबर रोजीं, पन्हाळा महाराजांच्या हातीं आला. प्रतापगड ते पन्हाळा हें अंतर विमान सुमारें अठरा मिनिटांत तोडतें. मध्यंतरीं साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ गेला आहे, यंत्रयुग आलें आहे, हें सर्व खरें. तरी खालचे डोंगर, दऱ्या आणि नद्या मोजतां मोजतां मला त्या अठरा दिवसांचेंच अधिक आश्चर्य वाटलें.

याच कड्यावर आणखी एक घटना घडते, आणि ती दरवर्षीं घडते. अरबी समुद्रावरून आलेले ढग येथें अडतात आणि रिते होतात. महाबळेश्वरास वर्षाकांठीं ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेंत शंभर किलोमीटरांच्या आंत असलेल्या, माण तालुक्यांतील दहिवडीस तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्याच्या एका टोंकाला भाताचीं रोपें कुजण्याची धास्ती आणि दुसऱ्या टोंकाला जोंधळ्याचें कणीस न भरण्याची धास्ती! आज मला आपणांस जें सांगावयाचें आहे तें याच संबंधांतलें आहे. सातारा-सांगलीच्या इतिहासांत राज्यांच्या सीमा कितीएक वेळां बदलल्या, पण त्यांपैकीं एकहि सीमा विमानांतून दिसत नाहीं. दिसते ती एकच सीमा, पाण्याची. ही सीमा निसर्गानें आंखून दिली हें खरें; पण ती त्यानें आंखली तेथेंच राहिलेली नाहीं, माणसानें ती हलविली आहे. ती कोणासाठीं हलली आणि कोणाच्या पदरचें घालून हलली, हा या दोन जिल्ह्यांच्या अलीकडील इतिहासाचा गाभा आहे.

कृष्णा आणि कोयना या दोघी बहिणी महाबळेश्वरास उगम पावतात आणि तेथेंच एकमेकींचा निरोप घेतात. कृष्णा पूर्वेस वाईकडे उतरते. कोयना सह्याद्रीच्या आडोशानें दक्षिणेकडे जाते. दोघींच्या मधून डोंगराची एक लांबच लांब रांग धांवते. या रांगेपलीकडे धोम धरणाचें पाणी चमकतें आणि जरा पुढें साताऱ्याचा अजिंक्यतारा दिसूं लागतो. शहरांतून मान वर करून पाहणाऱ्याला हा किल्ला फार उंच वाटतो. विमानांतून तो सपाट माथ्याचा, भोंवतीं कातळाची काळी कड असलेला, अनेक डोंगरांपैकीं एक डोंगर दिसतो. याच डोंगराला वेढा घालून औरंगजेब बादशहा डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत जातीनें बसला होता. प्रयागजी प्रभूंनीं किल्ला लढविला. मोगलांनीं सुरुंग उडविले तेव्हां ढांसळलेल्या तटाखालीं त्यांचीच माणसें मोठ्या संख्येनें गाडलीं गेलीं. शेवटीं किल्ला पडला आणि त्याचें नांव आझमतारा झालें. पण त्यानंतर आठ वर्षांच्या आंत, १२ जानेवारी १७०८ रोजीं, मोगलांच्या छावणींत वाढलेल्या शाहूमहाराजांनीं याच ठिकाणीं स्वतःस राज्याभिषेक करविला.

राजधानीसाठीं सातारा कां निवडलें गेलें, असा प्रश्न वर्गांत एखादा चौकस मुलगा विचारीत असे. त्याचें उत्तर खिडकींतून सहज मिळतें. पश्चिमेचे घाट, दक्षिणेकडे उघडणारें कृष्णाखोरें आणि पूर्वेचा माणदेश या तिहींच्या सांध्यावर हें शहर बसलें आहे. अतिवृष्टि आणि अवर्षण या दोहोंच्या मधला जो सुखाचा पट्टा, त्याच्या मध्यावर तें आहे. या गादीचा शेवटहि आपणांस ठाऊक आहे. एप्रिल १८४८ मध्यें छत्रपति शहाजी वारले, त्यांचा दत्तक कंपनी सरकारनें मानला नाहीं, आणि डलहौसीच्या खालसा धोरणाचा पहिला बळी सातारा ठरलें.

इतक्यांत विमानाखालीं कोयनेचा शिवसागर येतो. डोंगरांच्या बोटाबोटांमध्यें शिरलेलें हें निळें पाणी सुमारें पन्नास किलोमीटर लांब आहे. या प्रवासांतील सर्वांत रमणीय दृश्य हेंच, याविषयीं दुमत होणार नाहीं. माझ्या मागच्या बाजूच्या उतारूंनीं छायाचित्रें घेण्याची एकच घाई केली. १९६४ सालीं पुऱ्या झालेल्या या धरणाची उंची १०३ मीटर आहे आणि त्यांत सुमारें १०५ अब्ज घनफूट पाणी मावतें. कृष्णाखोऱ्यांतलें हें पाणी स्वभावतः पूर्वेस जावयाचें. परंतु त्याचा मोठा भाग बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीकडे उतरतो, वीज निर्माण करतो आणि वासिष्ठी नदीवाटे समुद्रास मिळतो. कृष्णा पाणीवाटप लवादानें असें ६७.५ अब्ज घनफूट पाणी दरवर्षीं पश्चिमेस नेण्यास मुभा दिलेली आहे. महाराष्ट्रांतील कारखानदारी या विजेवर वाढली. म्हणजे पाण्याची सीमा माणसानें हलविली असें मीं म्हटलें, तिचें हें पहिलें व सर्वांत मोठें उदाहरण. येथें पाणी शेतांत गेलें नाहीं, तें तारांतून गेलें.

मात्र हें निळेपण ज्यांच्या शेतांवर आणि उंबरठ्यांवर पसरलें आहे त्यांची आठवण ठेवणें हें इतिहास सांगणाराचें कर्तव्य आहे. या जलाशयासाठीं सुमारें शंभर गांवांना हलावें लागलें. कांहीं कुटुंबें खालीं कोंकणांत उतरलीं, कांहीं सोलापूर व सांगलीकडे गेलीं, आणि कांहीं त्याच पाण्याच्या वर डोंगरउतारावर सरकून राहिलीं. पर्यायी जमिनीचे त्यांचे दावे अर्धें शतक लोटल्यावरहि पुरते मिटले नव्हते. त्यांत ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटेच्या भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त झालें. मोठ्या जलाशयाचा आणि भूकंपाचा कांहीं संबंध असतो काय, या प्रश्नाच्या अभ्यासांत तेव्हांपासून कोयनेचें नांव जगभर घेतलें जातें. आज जलाशयाच्या पूर्वेस चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. पाणी झालें, आतां वाराहि कामास लागला.

कोयना पुढें पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास तिची व कृष्णेची पुन्हां गांठ पडते. दोघी समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून लोकांनीं या संगमाला प्रीतिसंगम असें गोड नांव दिलें आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांची समाधि तेथेंच आहे. येथून सांगलीपर्यंत नदीच्या दोन्ही अंगांस उसाचा हिरवा पट्टा सुरू होतो. हा पट्टा पावसानें केलेला नव्हे. १८६० च्या दशकांत इंग्रज सरकारनें कऱ्हाडजवळ खोडशी येथें बंधारा घालून कृष्णा कालवा काढला. विसाव्या शतकांत नदीवर पंप बसले, सहकारी साखर कारखाने निघाले, आणि रेठरें, वाळवा, सांगली या बाजूस धुराडीं उभीं राहिलीं. वरून या पट्ट्याची कड विळ्यानें कापल्यासारखी स्वच्छ दिसते. जेथपर्यंत पाणी चढतें तेथपर्यंत हिरवें, आणि त्यापुढें एका बांधाच्या अंतरावर तांबूस-करडें माळरान. कोणत्याहि राजानें आपल्या सरहद्दीचे दगड इतक्या काटेकोरपणें रोंवले नसतील.

आणि येथें सरहद्दींची काय गर्दी होती तें पाहा! १९४८ पूर्वींचा या भागाचा नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडीच. इंग्रजी सातारा जिल्हा, आणि त्यांत व त्याभोंवतीं फलटण, औंध, जत, सांगली, मिरजेच्या थोरल्या व धाकट्या पात्या अशीं संस्थानें. त्यांतहि एका संस्थानाचा मुलूख एके ठिकाणीं नसे. औंधचें पाहिलें तर औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे. संस्थानें १९४८ सालीं विलीन झालीं, १९४९ सालीं दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. ज्या रंगीत रेघा पाठ करून मुलें परीक्षा देत असत, त्यांतली एकहि जमिनीवर उमटलेली नाहीं. शेतें, ओढे आणि पायवाटा एका संस्थानांतून दुसऱ्यांत बिनदिक्कत जातात.

तरी या रेघांनीं एकदां मोठें काम केलें, तेंहि सांगितलें पाहिजे. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं वडूजच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी हुतात्मे झाले. मोर्चांचा मार्ग खुंटल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं प्रतिसरकार उभें राहिलें. ७ जून १९४३ रोजीं त्यांनीं शेणोलीजवळ रेल्वेचा खजिना लुटला. इंग्रजी हद्दींत पोलिसांचा ससेमिरा लागला म्हणजे या लोकांना औंध संस्थानच्या हद्दीचा आसरा मिळे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३९ सालीं आपला कारभार प्रजेच्या हातीं सोंपविला होता. आणि त्यांच्याच कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं आपला कारखाना व वसाहत थाटली होती. कुंडलभोंवतींचे डोंगर खालून विशेष दुर्गम वाटत नाहींत. वरून मात्र त्यांतील घळी, फांटे आणि एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत उतरणाऱ्या खिंडी दिसतात आणि प्रतिसरकार इतकीं वर्षें कसें टिकलें याचा अर्धा उलगडा होतो. उरलेला अर्धा उलगडा त्या डोंगरांखालच्या घरांत आहे. त्या घरांनीं भाकरी दिली आणि तोंड मिटून ठेवलें.

त्याहिपलीकडे, खिडकीच्या पार कडेला, खटाव, माण, खानापूर, आटपाडी आणि जत यांचा प्रदेश धुक्यांत मिसळून जातो. हा माझा मुलूख. माझें बालपण खटाव तालुक्यांत गेलें. १९७२ च्या दुष्काळांत आमच्या गांवचीं माणसें खडी फोडण्याच्या कामावर जात, मुलांना शाळेंत सुकडी मिळे आणि घरांत परदेशांतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी होत. त्याच्याहि आधीं, १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळांत, लोकांच्या हातांना काम म्हणून म्हसवडचा तलाव सुरू झाला. आजहि त्याचें पाणी वरून चांदीच्या पत्र्यासारखें दिसतें. पाऊस नाहीं म्हणून या भूमीनें माणसें बाहेर पाठविलीं. अपशिंग्यासारख्या गांवांनीं पलटणींत शिपाई धाडले. खटाव-माणचे लोक मुंबईच्या गिरण्यांत गेले. विटें, खानापूर, आटपाडी या बाजूचे कारागीर सोनें-चांदी गाळण्याचा धंदा घेऊन हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत पोंचले. ज्या मुंबईहून आपलें विमान निघालें, तिच्या गिरण्यांची धुराडीं पेटतीं ठेवणारे पुष्कळ हात या करड्या मातींतून गेलेले होते.

परंतु या करड्या प्रदेशांत आतां ठिकठिकाणीं हिरवे तुकडे दिसतात, आणि माझ्या मतें या सबंध प्रवासांतील सर्वांत महत्त्वाचें दृश्य तेंच आहे. शिवसागराइतकें तें रमणीय नाहीं. कोणी त्याचें छायाचित्र घेत नाहीं. कृष्णेचें पाणी पंपांनीं टप्प्याटप्प्यानें उचलून पूर्वेकडे नेणाऱ्या ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजनांचें तें फळ आहे. त्या योजना नुसत्या सरकारी कागदांतून निघाल्या नाहींत. नागनाथअण्णा नायकवडी हे प्रतिसरकारचे कार्यकर्ते. १९४४ सालीं धुळ्याचा सरकारी खजिना लुटण्यांत त्यांचा भाग होता आणि त्याच सालीं ते साताऱ्याच्या तुरुंगांतून निसटले. त्याच अण्णांनीं उतारवयांत, १९९३ पासून, आटपाडीस दुष्काळी तेरा तालुक्यांच्या परिषदा भरविल्या आणि पाण्यासाठीं लोकांना उभें केलें. त्यापूर्वीं १९८० नंतरच्या दशकांत खानापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं येरळा नदीवर स्वतःच्या हिमतीनें बळीराजा धरण बांधलें होतें. ज्या पिढीनें परक्या सरकारची सीमा पुसली, तिच्यांतल्याच माणसानें पाण्याची सीमा हलविण्याचें काम हातीं घेतलें, हा योगायोग मानणें मला कठीण जातें.

या चळवळीची मागणी नुसतें पाणी आणा एवढीच नव्हती. आलेलें पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखें मिळावें, ज्याची जमीन अधिक त्याला अधिक असें होऊं नये, हें तिचें म्हणणें होतें. विमानांतून हिरवा तुकडा दिसतो, पण त्याचें पाणी किती घरांत वांटलें गेलें तें दिसत नाहीं. खिडकीची मर्यादा ती हीच. कृष्णाकांठीं पाणी आलें तेव्हां तें मुख्यतः एका पिकानें, उसानें, पिऊन टाकलें. माणदेशांतहि तसेंच झालें तर सीमा दहा-वीस कोस पूर्वेस सरकेल एवढेंच. तिच्या अलीकडचे आणि पलीकडचे असा भेद कायम राहील.

शिराळ्याचे डोंगर मागें पडले, पन्हाळा उजव्या अंगास राहिला आणि विमान उतरणीस लागलें. त्या दिवशीं वाऱ्याच्या दिशेमुळें तें पूर्वेकडे वळसा घेऊन मग धांवपट्टीकडे आलें, त्यामुळें सांगली-मिरजेचा मुलूख चांगलाच नजरेच्या टप्प्यांत आला. येथें कृष्णा फार मंद होते आणि वेड्यावांकड्या वेलांट्या घेत चालते. सांगलीच्या खालच्या अंगास हरिपुरास तिला वारणा मिळते आणि आणखी खालीं नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. उतार कमी, वळणें अनेक, आणि घाटमाथ्याचें सारें पाणी एकदम येऊन अडणार. सांगलीच्या महापुरांचें गणित या एका दृश्यांत मांडलेलें आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट आहे. ज्या शहरांत १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं मराठी नाटकाचा पहिला पडदा उघडला, त्या शहरांतून माणसांना होड्यांनीं बाहेर काढावें लागलें. त्याच आठवड्यांत त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोंकाला, जतकडे, लोक टँकरची वाट पाहत होते. वरून पाहिलें तर हीं दोन ठिकाणें एकाच खिडकीच्या चौकटींत मावतात.

मिरजेहून निघणारे रूळ उन्हांत लकाकतात. एप्रिल २०१६ मध्यें याच रुळांवरून पाण्याचे डबे जोडलेली आगगाडी लातूरच्या तहानलेल्या लोकांसाठीं कृष्णेचें पाणी घेऊन गेली. ज्या मिरजेसाठीं एकेकाळीं निजाम, पेशवे आणि कोल्हापूरकर झगडले, तिची आज महाराष्ट्राला झालेली मोठी ओळख एका पाण्याच्या गाडीची आहे, आणि मला ती कोणत्याहि लढाईपेक्षां कमी मोलाची वाटत नाहीं.

श्रोतेहो, विमानाचें तिकीट सर्वांस परवडत नाहीं आणि शाळेंतल्या मुलांना तर नाहींच. तरी जें मीं पाहिलें तें त्यांना दाखविणें अगदीं अशक्य नाहीं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील माझ्या शिक्षकबंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. पातळ कागदावर तीन नकाशे काढून घ्यावे. पहिल्यावर १९४८ पूर्वींच्या संस्थानांच्या हद्दी असाव्या, दुसऱ्यावर पावसाचे पट्टे असावे, आणि तिसऱ्यावर धरणें, कालवे व पंपांनीं पाणी नेणाऱ्या योजना असाव्या. हे तिन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या कांचेवर धरावे आणि मुलांना विचारावें, आपलें गांव प्रत्येक कागदावर कोणत्या बाजूस पडतें, आणि आपल्या गांवाला पाणी मिळालें असेल तर त्यासाठीं कोणतें गांव बुडालें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर मुलें दोन मिनिटांत देतील. दुसऱ्याचें उत्तर शोधण्यास त्यांना घरच्या म्हाताऱ्या माणसांपाशीं जाऊन बसावें लागेल, आणि या दोन जिल्ह्यांच्या इतिहासाचा जो भाग अद्याप कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत शिरलेला नाहीं तो त्यांना तेथेंच ऐकावयास मिळेल.